पोतं ठेवा बाजूला, आधी केसपेपर काढा

पत्र: "आमची मनी अडीच वर्षांची. काल, रविवारी संध्याकाळी, गल्लीतला बोका परड्यात शिरला आणि दोघांची जुंपली. सोडवायला हात घातला तर मनीच माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीला चावली. सांध्याजवळ दोन भोकं पडली, थोडं रक्त आलं. सासूबाईंनी हळद-चुना भरला. आज सकाळपासून बोट सुजलंय, ठणकतंय. मला शुगर आहे. मनीला लस कधीच दिलेली नाही. शेजारचे म्हणतात, सरकारी दवाखान्यात नाव लिहून घेतात आणि मांजर नेऊन मारतात. दीर म्हणतात, पोत्यात घालून मलप्रभेपलीकडे सोडून येतो. मनी मला हवी आहे. डॉक्टरांना खिळा लागला असं सांगितलं तर चालेल का?" — एक वाचक, खानापूर तालुका

ताई, तुम्ही अजून घरीच असाल तर हे उत्तर दवाखान्याच्या बाकावर बसून वाचा. काल संध्याकाळचा चावा, आज सकाळी सूज आणि त्यात शुगर, म्हणजे उद्यावर ढकलायला जागाच नाही.

निघण्यापूर्वी एकच काम करा. हळद-चुना धुऊन काढा. नळाला पाणी असेल तर नळाखाली, नसेल तर कुणाला तरी तांब्याने पाणी ओतायला सांगा आणि साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावूनच धुवा, कारण अंदाजाने धुतलं की दोन मिनिटांतच पंधरा झाल्यासारखी वाटतात. अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, कुठलाही चालतो. साबणाने रेबीजच्या विषाणूचं बाहेरचं स्निग्ध आवरण मोडतं. चावून एक रात्र उलटली असली तरी हे धुणं वाया जात नाही. नंतर बेटाडिन असेल तर लावा. पट्टी घट्ट बांधू नका. त्या हातातली अंगठी आणि बांगड्या आत्ताच काढा, सूज वाढली की अंगठी कापून काढावी लागते. चुन्याने कातडी भाजते आणि जखमेभोवती इंजेक्शन द्यायला जागा उरत नाही. निपाणीकडे तंबाखू दाबतात, कुठे मिरचीपूड भरतात. सगळ्याचा परिणाम एकच, घाण आत कोंडते.

आता खिळ्याबद्दल. खिळा म्हटलंत की डॉक्टर धनुर्वाताचं इंजेक्शन देतील, हाताशी असलेली एखादी अँटिबायोटिक लिहून देतील आणि घरी पाठवतील. त्यांचं काही चुकलं असं होणार नाही, खिळ्याला तेवढंच लागतं. पण मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात. सेफालेक्सिन, एरिथ्रोमायसिन अशी नेहमीची औषधं त्यांच्यावर नीट चालत नाहीत. मांजराच्या चाव्यावर पहिली पसंती असते अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड एकत्र असलेल्या गोळीला, जिला औषधाच्या दुकानात नुसतं '६२५' म्हणतात. ती किती वेळा आणि किती दिवस घ्यायची हे जखम पाहून डॉक्टर ठरवतील, दुकानदाराला विचारून घेऊ नका. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, त्यांच्याकडे दुसरे पर्याय असतात. आणि खिळ्याच्या गोष्टीत रेबीजचा विषयच निघत नाही. या आजाराची लक्षणं एकदा दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही, उपचार काय तो लक्षणांच्या आधी. तेव्हा मनीला वाचवायला म्हणून जे खोटं बोलणार आहात, ते तुमच्याच जिवावर बेतू शकतं. मनीला त्याची गरजही नाही, ते पुढे येतंच.

दोन बारीक भोकांचं एवढं काय, असं घरचे म्हणतील. मांजराचा सुळा म्हणजे गोधडी शिवायची सुई समजा, बारीक आणि खोल जाणारी. कुत्र्याच्या चाव्यात मांस फाटतं, जखम उघडी राहते, धुता येते. मांजराच्या चाव्यात वरचं तोंड काही तासांत मिटतं आणि जंतू आत राहतात. बोटाच्या सांध्यावर कातडीखाली मांस जवळजवळ नसतंच. थेट सांधा आणि स्नायूंच्या दोऱ्या लागतात. त्या दोऱ्या एका नळीतून सरकतात, आणि नळीत पू झाला की तो बोटाच्या मुळापर्यंत पसरतो. म्हणून मांजराचा चावा बाहेरून साधा दिसतो आणि बारा ते चोवीस तासांत हात फुगवतो.

तुमचं बोट कोणत्या पायरीवर आहे ते असं पाहा. सूज सांध्यापुरती आहे आणि बोट थोडं दुखत का होईना पण सरळ होतंय, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात सुरुवात करता येईल. पण अख्खं बोट भज्याच्या मिरचीसारखं सगळीकडून फुगलंय, आपोआप अर्धवट वाकलेलं राहतंय, दुसऱ्याने सरळ करू पाहिलं की कळ मस्तकात जातेय आणि तळहाताच्या बाजूने बोटाच्या मुळापर्यंत दाबलं की दुखतंय, अशी अवस्था असेल तर गावात थांबू नका. थेट बेळगावला, जिथे हाडांचा किंवा हाताचा सर्जन आहे तिथे जा. बिम्सचं (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं) जिल्हा रुग्णालय आहे, मोठी खासगी रुग्णालयंही आहेत. तिथे शिरेतून औषध लागेल, कदाचित ऑपरेशन थिएटरमध्ये नळी उघडून धुवावी लागेल. दाताचा तुकडा आत राहिलाय का, सांध्यात हवा किंवा हाडाला इजा आहे का, हे पाहायला एक्स-रे काढतील. ताप, थंडी, दंडाकडे जाणारी लाल रेघ किंवा काखेत गाठ दिसली तरी हेच करा. घरातून निघताना लालीच्या कडेवर बॉलपेनने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. डॉक्टरांना 'वाढतंय' एवढं सांगण्यापेक्षा ती रेघ दाखवलेली बरी. हात खाली लोंबू देऊ नका, बसमध्येही छातीच्या उंचीला धरा. शुगरची औषधं बंद करू नका, आणि साखर तिथेच तपासून घ्या. संसर्गात ती वर जाते आणि वर गेलेली साखर संसर्ग वाढवते.

केसपेपरवर नेमकं काय सांगायचं? मांजर चावलं, पाळीव आहे, लस दिलेली नाही, भांडण सोडवताना चावलं, रविवारी अमुक वाजता, रक्त आलं होतं, धुतलं कधी, शुगर आहे, कोणती औषधं चालू आहेत, धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी, आणि मांजर घरात आहे, नजरेखाली आहे. शेवटचं वाक्य विसरू नका. काउंटरवर कन्नडच बोलणारं कुणी भेटलं तर 'बेक्कु कच्चिदे' म्हणा, म्हणजे मांजर चावलंय. तेवढ्यावर पुढची खिडकी दाखवतात.

रेबीजच्या हिशेबात चाव्याचे तीन वर्ग करतात. धड कातडीला नुसतं चाटलं तर पहिला, त्याला काही लागत नाही. रक्त न येता ओरखडा आला तर दुसरा, त्याला लस. कातडी फुटून रक्त आलं तर तिसरा, त्याला लस आणि सिरम दोन्ही. दोन भोकं आणि रक्त, म्हणजे तुमचा तिसरा वर्ग. दातांची भोकं 'लहान' आहेत म्हणून कुणी दुसऱ्यात बसवू लागलं तर रक्त आलं होतं हे स्पष्ट सांगा. घोटाळा होतो तो नेमका इथे.

लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. दंडावर कातडीच्या आत दोन्ही बाजूंना ०.१ मिली, आणि टोचल्या जागी मसुराच्या दाण्याएवढा फुगवटा यायला हवा. दिवस ०, ३, ७ आणि २८. शून्यावा दिवस म्हणजे पहिली सुई टोचली तो दिवस, चावल्याचा नव्हे. आज सोमवारी घेतलीत तर दुसरी गुरुवारी, तिसरी पुढच्या सोमवारी, आणि चौथी आजपासून बरोबर चार आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारी. खासगीत हीच लस दंडाच्या स्नायूत देतात, तेव्हा ०, ३, ७, १४, २८ अशा पाच फेऱ्या होतात. सरकारी दवाखान्यात एका कुपीतून अनेकांना टोचतात आणि उघडलेली कुपी सहा ते आठ तासांत संपवावी लागते, त्यामुळे कुणी थोडं थांबायला सांगितलं तर थांबा. लस न घेता घरी मात्र परत येऊ नका.

सिरमचं गणित वेगळं. लशीने अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा-दहा दिवस जातात, तेवढ्या काळासाठी तयार प्रतिपिंडं थेट जखमेत भरतात, तेच सिरम. घोड्याचं सिरम असेल तर किलोला ४० युनिट, म्हणजे ५५ किलो वजनाला जास्तीत जास्त २,२०० युनिट. माणसाचं असेल तर किलोला २०. बोटाला एवढं मावत नाही. मावेल तेवढंच भोकांच्या आत आणि भोवती भरायचं, जास्त भरलं तर बोटाचा रक्तपुरवठा दाबला जातो. दुखतं, हे आधीच सांगून ठेवतो. खेड्यातल्या आरोग्य केंद्रात लस असते आणि सिरम नसतं, असं होऊ शकतं. मग पहिली लस तिथेच घ्या आणि सिरमसाठी तालुक्याला किंवा बेळगावला जा, पण निघण्याआधी फोन करून साठा विचारा. पहिल्या लशीपासून सात दिवसांच्या आत सिरम देता येतं, त्यानंतर देत नाहीत. सिरम मिळेपर्यंत लस थांबवून ठेवणं ही उलटी चूक, आणि ती लोक करतात.

कार्ड जपून ठेवा. माहेर चंदगडला असो की नवरा गोव्यात कामाला असो, वेळापत्रक देशभर एकच आहे आणि ते कार्ड दाखवून पुढची सुई दुसरीकडेही घेता येते. निपाणीकडची मंडळी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही जातात. पथ्याचं विचाराल तर अंडी, मटण, वांगं यांतलं काहीही बंद करायला नको. पोटात चौदा इंजेक्शनांची भीती सासूबाईंच्या काळातली. ती जुनी लस वेगळी होती आणि तिचं उत्पादन देशात २००४ च्या अखेरीस बंद झालं. (आणि कुणी भाबडेपणाने बेळगावातल्या टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर पाठवलं तर जाऊ नका. तिथे इंग्रजांच्या काळात देवीची लस बनायची, आता नाव तेवढं उरलंय.) रानातलं औषध, मंतरलेला दोरा, अमुक गावचा वैद्य, या वाटेने गेलेला एकेक दिवस शून्याव्या दिवसाला पुढे ढकलतो.

आता मनीचं. दवाखान्यात प्राणी चावल्याची नोंद होते हे खरं. ती रुग्णसंख्येसाठी आणि लशीच्या हिशेबासाठी असते. त्या वहीवरून कुणी घरी येऊन मांजर उचलून नेईल, अशी पद्धत आपल्याकडे नाही. कर्नाटकात २०२२ मध्ये रेबीज हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार झाला, तो माणसाला झालेल्या रेबीजबद्दलचा नियम. शेजाऱ्यांनी बहुधा दोन गोष्टी एकत्र केल्या असाव्यात. प्राण्याला रेबीज होता का याची खात्रीची तपासणी मेंदूवर होते, म्हणून ती मेलेल्या प्राण्यावरच करता येते. यावरून 'तपासायला मारतात' अशी समजूत पसरते. पण धडधाकट मांजराला मारून तपासण्याचं कारणच नसतं, कारण त्याहून सोपी परीक्षा आहे. मांजराच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणं दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी, आणि लक्षणं सुरू झाली की ते थोड्याच दिवसांत मरतं. म्हणजे रविवारी मनीच्या लाळेत विषाणू असता तर दहा दिवसांत ती आजारी दिसलीच असती. दहा दिवस ठणठणीत राहिली, तर रविवारच्या चाव्यात रेबीज नव्हता. हा हिशेब कुत्र्या-मांजरांनाच लागू आहे, माकडाला किंवा मुंगसाला लावू नका.

दिरांना हेच सांगा. मनी मलप्रभेपलीकडे गेली की तुमची परीक्षाही पलीकडे गेली. मग ती जगली की मेली कळणार नाही, आणि डॉक्टरांना ती पिसाळलेली होती असंच धरून चालावं लागेल. शिवाय मांजर परत येतं हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, फक्त ते दहा दिवसांच्या आत येईल याची हमी नाही. जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा जागी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे, आणि जिवे मारणं किंवा जायबंदी करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतं. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर दान करावं लागतं असं सांगणाऱ्या घरांतच पोतं कसं लगेच सापडतं, कोण जाणे.

तुमची लस मात्र दहा दिवसांची वाट पाहत थांबवायची नाही. दोन्ही कामं एकाच वेळी सुरू. दिवस मोजताना गफलत होते, म्हणून मांडून देतो. मनीचे दहा दिवस रविवारपासून, म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी संपतात. तोवर तुमच्या ०, ३, ७ या तीन सुया झालेल्या असतील. बुधवारी मनी ठीक असेल तर डॉक्टरांना कळवा. उरलेली सुई द्यायची की नाही ते ठरवतील. झालेल्या सुया वाया जात नाहीत. पुढे कधी चावा झालाच तर कार्ड दाखवा, दोनच सुया (दिवस ० आणि ३) पुरतात आणि सिरम लागत नाही.

मनीला ठेवायचं कुठे? एक खोली, खिडकीला जाळी, दाराला आतून-बाहेरून कडी. न्हाणीघर नको, तिथे सारखं कुणीतरी येत-जात राहतं. उथळ घमेल्यात वाळू किंवा भाताचं तूस घाला, ते तिचं संडास. एका कोपऱ्यात पाणी, त्यापासून लांब जेवण. नेहमीचाच भात-मासा द्या, नवं काही सुरू करू नका, नाहीतर जुलाब लागले तर ते आजाराचं लक्षण की खाण्याचं हे कळणार नाही. एकाच मोठ्या माणसाने जायचं, तुम्ही नाही, मुलं तर नाहीच. उचलायचं नाही, कुरवाळायचं नाही, ताटली काठीने पुढे सरकवायची आणि हात धुवायचे. रोज एकाच वेळी फोनवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. खाताना, पाणी पिताना आणि चालताना दिसली पाहिजे. आवाज बदलणं, लाळ गळणं, मागचे पाय लटपटणं, पाणी गिळता न येणं, अंधारात दडून बसणं किंवा विनाकारण झेपावणं, यातलं काही दिसलं तर दार लावा, आत जाऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि तुमच्या डॉक्टरांना दोघांना कळवा. जनावरांसाठीचा १९६२ हा क्रमांकही आहे. ती मेली किंवा पळाली तर तुमचा कोर्स पूर्ण होणार, त्यात सूट नाही. मेली तर उघड्या हाताने उचलू नका आणि पशुवैद्यांना विचारल्याशिवाय पुरू नका.

आजच पशुवैद्यांना एकदा फोन करा, कारण बोक्याचा प्रश्न उरतोच. मनीला त्या झटापटीत चावा बसला आहे का? दहा दिवसांची परीक्षा फक्त तुमच्या रविवारच्या चाव्यापुरती आहे. बोका पिसाळलेला असेल आणि त्याने मनीला काल चावलं असेल, तर तिला आजार व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. एरवी निरीक्षण चालू असताना मांजराला लस देत नाहीत, कारण लशीचा ताप आणि सुस्ती पाहून आजाराचा भास होतो. बुधवारनंतर द्यायची आणि मग दरवर्षी. पण तिला जखम असेल तर चावलेल्या जनावराला ०, ३, ७, १४, २८ अशी लशींची मालिका देतात. ती लगेच सुरू करायची का, हे त्यांनाच ठरवू द्या. न्यायची झाली तर झाकणाच्या टोपलीत जाड चादर घालून न्या, हातात धरून नव्हे. दरवर्षी २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास, लसीकरणाची शिबिरंही होतात, पण मनीसाठी तोवर थांबू नका.

मनी वाईट झालेली नाही, हेही घरात सांगा. भांडणात अंगात आलेलं मांजर समोर येईल त्याला चावतं, मालकीण कोण ते त्याला त्या क्षणी दिसत नाही, आणि तो आवेश कधी कधी कित्येक तास उतरत नाही. पुढच्या वेळी हात घालू नका. ताट वाजवा, पाण्याचा तांब्या फेका, नाहीतर दोघांच्या मधे सूप किंवा पुठ्ठा सरकवा. मनीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घेतलंत तर बोके दारात येणं बरंच कमी होईल.

बोक्याला पकडायला कुणी जाऊ नये. तो दहा दिवसांत रोज गल्लीत दिसतो का, नीट चालतो-खातो का, एवढंच लांबून पाहून तारखेसह लिहून ठेवायचं आणि पशुवैद्यांना दाखवायचं. हे काम दिरांना द्या. खिडकीची जाळीही त्यांनाच ठोकू द्या.